दुकानाची ओळख कशी घडते: नाव, पाटी आणि देवनागरी लोगो

तमिळनाडूतील तिरुनेलवेली या शहरात नेल्लैयप्पर मंदिरासमोर हलव्याचे एक जुने आणि फार प्रसिद्ध दुकान आहे. ते संध्याकाळी थोड्या वेळापुरतेच उघडते. पूर्वी तेथे एकच मिणमिणता दिवा असे, म्हणून गावातले लोक त्याला ‘इरुट्टुक्कडै’, म्हणजे ‘अंधारे दुकान’, असे म्हणू लागले आणि पुढे तेच त्याचे नाव झाले. कालांतराने दुसऱ्या एका व्यावसायिकाने त्याच नावाच्या आधी ‘तिरुनेलवेली’ हा शब्द जोडून ट्रेडमार्कची नोंदणी मिळवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१५ मध्ये न्यायालयाने मूळ दुकानाच्या बाजूने निकाल दिला. नोंदणी कोणाकडेही असली, तरी ज्याने ते नाव आधीपासून वापरून लोकांच्या मनात रुजवले आहे त्याचा हक्क वरचढ ठरतो, असे या निकालाचे सार होते.

दुकानाची ओळख, म्हणजेच आज ज्याला ब्रँड आयडेंटिटी म्हटले जाते ती, समजून घेण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही. झगमगीत पाटी नाही, ठरवून निवडलेला रंग नाही, इतकेच नव्हे तर मालकाने विचारपूर्वक ठेवलेले नावही नाही, आणि तरीही ओळख इतकी पक्की की तिच्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात लढा द्यावा लागला. याचा अर्थ लोगोची गरज नसते असा मुळीच नाही. याचा अर्थ एवढाच की ओळख ही गिऱ्हाईकाच्या डोक्यात तयार होणारी गोष्ट आहे, आणि नाव, अक्षरे, रंग, पिशवी, पाटी ही सगळी ती आठवण टांगून ठेवण्याची खुंटी आहे. भिंतीत खुंटी घट्ट बसवणे हे कौशल्याचे काम आहे आणि या लेखाचा बहुतेक भाग त्याविषयीच आहे. परंतु खुंटीवर टांगण्यासाठी काहीतरी असावे लागते, हे दुकान सुरू करणाऱ्याने आधी स्वतःशी स्पष्ट करून घेतले पाहिजे.

तीन शब्दांची नेहमी गल्लत होते, म्हणून ते येथेच वेगळे करून ठेवतो. ब्रँड म्हणजे तुमच्या दुकानाविषयी लोकांचे झालेले मत. ब्रँड आयडेंटिटी म्हणजे ते मत घडावे यासाठी तुम्ही जाणीवपूर्वक ठरवलेल्या आणि सतत तशाच ठेवलेल्या दृश्य व इतर खुणा: नाव, अक्षरांचे वळण, रंग, बांधणी, बोलण्याची पद्धत. लोगो हा त्या खुणांपैकी एक, दुकानाच्या सहीसारखा. एखाद्या माणसाची सही सुंदर असणे चांगलेच, पण चेकवर तिचे मोल खात्यातल्या पैशांमुळे असते.

खुणा किती वेगळ्या प्रकारच्या असू शकतात, ते पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यांनी डब्यासाठी वापरलेला विशिष्ट निळसर हिरवा रंग इतका त्यांचा झाला की १९९८ मध्ये त्यांनी त्या रंगाचीच ट्रेडमार्क म्हणून नोंदणी केली, आणि पँटोन या रंगमानकाच्या संस्थेने त्यांच्यासाठी ठरवलेल्या छटेला कंपनीच्या स्थापनेच्या वर्षावरून १८३७ हा क्रमांक मिळाला. मुंबईतल्या इराणी हॉटेलांची ओळख वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबले आणि काचेच्या बरण्या यांतून होते. त्यांतल्या कित्येकांचा लोगो कोणालाही आठवणार नाही. पुण्यात चितळे बंधू मिठाईवाले यांचे दुपारी बंद राहणारे दुकान हीच त्यांची एक खूण झाली होती, आणि म्हणूनच २०१७ मध्ये त्यांनी ते दुपारीही उघडे ठेवायला सुरुवात केली तेव्हा वर्तमानपत्रांना ती बातमी वाटली. वेळ, वास, वस्तू बांधून देण्याची रीत, गल्ल्यावरच्या माणसाचे बोलणे, हे सारे ओळखीत मोडते. डिझायनरकडे जाण्यापूर्वी दुकानदाराने आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना फक्त एवढे विचारावे की आमचे दुकान दुसऱ्याला सांगताना तुम्ही काय खूण सांगता. ‘निळ्या शटरवाले’, ‘वडाच्या झाडासमोरचे’, ‘जिथे म्हातारे आजोबा बसतात ते’, अशी जी उत्तरे येतील, ती कोणत्याही डिझायनरच्या पहिल्या आराखड्यापेक्षा मोलाची असतात.

नाव निवडताना

आपल्याकडे दुकानांची नावे बहुधा चार ठिकाणांहून येतात: देवाचे नाव, घराण्याचे आडनाव, गावाचे नाव आणि मालाचे नाव. चौघांनाही मोठी परंपरा आहे आणि चौघांचीही एकच अडचण आहे, ती म्हणजे ही नावे इतरांनाही तितकीच उपलब्ध आहेत. ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ च्या कलम ९ नुसार, जे शब्द केवळ मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान सांगतात त्यांची सहसा नोंदणी होत नाही; मात्र दीर्घ वापराने ते नाव एकाच दुकानाशी जोडले गेल्याचे अर्जदाराने सिद्ध केले तर तो अपवाद ठरतो. ‘शुद्ध तूप’ किंवा ‘ताजी मिठाई’ या शब्दांवर कोणाही एकाची मालकी असू नये, हे न्याय्यच आहे. धर्मग्रंथांच्या नावांबाबतही हाच प्रश्न येतो. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावर एकाधिकार मागणारे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे २०१५ मध्ये आले, तेव्हा पवित्र ग्रंथाच्या नावावर एका व्यापाऱ्याला असा हक्क सांगता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

म्हणून माझे मत असे आहे की नवीन दुकानासाठी नाव निवडताना मालाशी थेट संबंध नसलेला, पण उच्चारायला सोपा आणि स्थानिक भाषेत गोड लागणारा शब्द घ्यावा, आणि मालाचे वर्णन त्याच्याखाली लहान अक्षरांत द्यावे. असे नाव पहिल्या वर्षी थोडे जास्त कष्ट घ्यायला लावते, कारण ते आपण होऊन काही सांगत नाही. परंतु पाच वर्षांनी शेजारच्या गल्लीत त्याच नावाचे दुसरे दुकान निघाले तर हातात काहीतरी असते. आडनाव वापरायचेच असेल तर जोडीला दुसरा शब्द हवा, आणि भावाभावांची भागीदारी असेल तर वाटणी झाल्यास नाव कोणाकडे राहील हे पहिल्याच करारपत्रात लिहिलेले हवे. दुकाने वेगळी होतात तेव्हा माल वाटता येतो, गाळे वाटता येतात, नाव वाटता येत नाही. बाजारपेठांतून फिरताना ‘मूळ’, ‘जुने’ आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशा पाट्या शेजारी शेजारी दिसतात, त्यांतल्या कित्येकींच्या मागे एका न लिहिलेल्या कागदाची गोष्ट असते.

नोंदणीची माहिती थोडक्यात अशी. अर्ज ऑनलाइन करता येतो. वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. कपडे २५ व्या वर्गात, दागिने १४ व्या वर्गात, मिठाई व बेकरीचे पदार्थ ३० व्या वर्गात, तर किरकोळ विक्रीची सेवा ३५ व्या वर्गात येते, आणि दुकानदार नेमका हा ३५ वा वर्ग विसरतात. व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योग यांच्यासाठी ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आहे, इतरांसाठी ९,००० रुपये. अर्ज तपासून झाला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर चार महिने कोणालाही त्याला विरोध नोंदवता येतो. मिळालेली नोंदणी १० वर्षे चालते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. ‘टीएम’ ही खूण नोंदणीशिवायही लावता येते. गोलातले ‘आर’ मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावणे हा गुन्हा आहे. नावाची शब्द म्हणून आणि चित्राची आकृती म्हणून वेगवेगळी नोंदणी होते, आणि पैसे एकाच अर्जापुरते असतील तर आधी शब्दाची करावी, कारण शब्दाचे संरक्षण कोणत्याही वळणाच्या अक्षरांना लागू होते. आकृतीचा अर्ज केला तर तो काळ्या-पांढऱ्या रंगात करावा. रंगाची मर्यादा घातली नाही तर ती नोंदणी सर्व रंगांसाठी आहे असे कायदा मानतो.

देवनागरी आधी

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि, कामगार कितीही असोत, प्रत्येक दुकानाचा नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असणे, मराठी अक्षरे सुरुवातीला असणे आणि ती इतर कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक झाले. व्यापाऱ्यांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले होते. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दिवाळीच्या सुमारास बाजारपेठेतून फिरताना जे दिसत होते त्याने मला खरोखर वाईट वाटले. वर्षानुवर्षे जपलेल्या इंग्रजी लोगोच्या वर फ्लेक्सची एक पट्टी ठोकलेली, तिच्यावर संगणकात जो फॉन्ट सापडला त्यात नाव टंकलेले, आणि जागा पुरावी म्हणून अक्षरे आडवी ओढून चपटी केलेली. अक्षर ओढले की त्याच्या उभ्या रेघा जाड होतात आणि आडव्या तशाच राहतात, त्यामुळे शिरोरेखा काटकीसारखी दिसते आणि काना खांबासारखा. कायद्याचे पालन झाले, पण आपल्याच भाषेतले नाव आपल्याच दुकानावर परक्यासारखे बसवले गेले.

हे टाळण्याचा उपाय एकच आहे: लोगो आधी देवनागरीत काढावा आणि इंग्रजी नंतर त्याच्या वळणाने घडवावे. यामागे केवळ भाषेचा अभिमान नाही, रेखाटनाचे सरळ कारण आहे. इंग्रजीची मोठी अक्षरे एकाच उंचीच्या पट्टीत मावतात. देवनागरीला तीन मजले लागतात. शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा मधला मजला, वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांचा मजला, आणि खाली उकार व ऋकार यांचा मजला. ‘कापड’ हा शब्द मधल्या मजल्यावरच संपतो. ‘स्फूर्ती’ हा शब्द घेतला तर जोडाक्षर, खाली दीर्घ उकार, वर रफार आणि दीर्घ वेलांटी, असे सगळेच एका शब्दात येते. इंग्रजी लोगो आधी ठरवून त्याच्या चौकटीत नंतर ‘स्फूर्ती’ कोंबायला गेले की एकतर अक्षरे बारीक होतात, नाहीतर उकार कापला जातो. तीन मजल्यांसाठी आखलेल्या जागेत इंग्रजी अक्षरे मात्र निवांत बसतात.

पाटीचे माप काढताना हाच फरक आकड्यांत दिसतो. पाट्या बनवणाऱ्यांचा एक ढोबळ ठोकताळा असा आहे की सहज वाचता येण्यासाठी दर १० फूट अंतरामागे अक्षराची उंची किमान १ इंच हवी. समोरचा रस्ता आणि दोन्ही पदपथ मिळून अंतर ६० फूट असेल तर ६ इंचांचे अक्षर लागेल. इंग्रजीत हे ६ इंच म्हणजे संपूर्ण उंची. देवनागरीत ते ६ इंच मधल्या मजल्याचे मोजावेत. वरच्या वेलांटीला साधारण अडीच आणि खालच्या उकाराला दोन इंच धरले तर ओळ साडेदहा इंचांची होते, आणि वर-खाली मोकळी जागा सोडली की दीड फुटाची पाटी एका ओळीलाच लागते. गाळ्यासाठी तीन फुटांची पाटी ठरवून तिच्यात नाव, इंग्रजी नाव, मालाची यादी, फोन क्रमांक, देवाचे चित्र आणि एखाद्या शीतपेयाच्या कंपनीची जाहिरात असे सगळे बसवायचे म्हटले तर नावाला काय उरते, ते आपण रोज पाहतो. पाटीवर नाव आणि दुकानाचा प्रकार एवढेच ठेवून बाकीचे शटरवर, काचेवर किंवा आतल्या भिंतीवर न्यावे, असे मी प्रत्येक दुकानदाराला आग्रहाने सांगतो.

अक्षरांच्या रेखाटनात काही सापळे आहेत आणि ते फक्त मराठी वाचणाऱ्यालाच दिसतात. हल्ली शिरोरेखा काढून टाकण्याची आवड आहे. ती दिसायला हलकी वाटते, पण ‘घ’ आणि ‘ध’, तसेच ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातला फरक बराचसा शिरोरेखेवर अवलंबून असतो. ती गेली की एका छोट्या वळणावर सगळी भिस्त राहते आणि चालत्या बसमधून ते वळण दिसत नाही. ‘ख’ची दोन अंगे नीट जोडली नाहीत तर ते ‘रव’ असे वाचले जाते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत आणि संगणकावरचे पुष्कळ फॉन्ट हिंदी वळणानेच उमटतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की आपले वळण येते, परंतु ते निवडावे लागते. सर्वांत जास्त चुका होतात त्या ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांच्या. ‘वऱ्हाडी’ या शब्दात ‘र’चे पापणीसारखे अर्धे रूप येते, पण टंकणाऱ्याला ते माहीत नसले की पाटीवर रफार देऊन ‘वर्हाडी’ असे उमटते आणि पुढची दहा वर्षे तसेच राहते. पाटी छापायला टाकण्यापूर्वी मराठी नीट वाचणाऱ्या दोन माणसांनी तिचा प्रत्येक उकार आणि प्रत्येक वेलांटी बोट ठेवून तपासावी. या कामाला दहा मिनिटे लागतात.

वेगळी अक्षरे काढून घेण्याइतके पैसे नसतील तर चांगले फॉन्ट आता फुकट मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’, ‘बलू’ आणि ‘मोदक’ हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत आणि त्यांत देवनागरी व रोमन अक्षरे एकमेकांना शोभतील अशी एकत्र घडवलेली आहेत. ‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की मिठाईच्या किंवा खेळण्यांच्या दुकानाला तो शोभेल आणि औषधांच्या दुकानाला मुळीच शोभणार नाही. अक्षराचा स्वभाव म्हणतात तो हाच. आणि गावात जुना पेंटर अजून काम करत असेल तर त्याच्याकडून कागदावर नाव लिहून घ्यावे. सुतळीला चुना लावून मारलेल्या दोन रेघांच्या आत ज्याने चाळीस वर्षे ब्रश चालवला आहे, त्याच्या हातात त्या गावाचे अक्षर असते, आणि ते स्कॅन करून लोगो करता येते.

लोगो कोठे कोठे जातो

डिझायनर लोगो दाखवतो तेव्हा तो मोठ्या, उजळ पडद्यावर दाखवतो, आणि दुकानात तो लोगो पडद्यावर राहत नाही. बिलाच्या लहान थर्मल प्रिंटरचे उदाहरण घेऊ. त्याचा कागद ५८ मिलिमीटर रुंद असतो, छपाई साधारण ४८ मिलिमीटरवर होते, आणि एका मिलिमीटरमध्ये फक्त ८ ठिपके उमटतात. म्हणजे पूर्ण रुंदीत ३८४ ठिपके. रंग एकच, काळा, आणि राखाडी छटा नाही. ज्या लोगोत रंग एकमेकांत विरघळत जातात किंवा केसासारख्या बारीक सोनेरी रेघा आहेत, तो येथे काळा डाग होऊन बाहेर पडतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी आणि कागदी पिशवी हीच दुकानाची फिरती पाटी झाली आहे, आणि कापडावर स्क्रीन छपाई करताना प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते, म्हणून एक रंग वाढला की खर्चही वाढतो. जाड्याभरड्या कापडावर शाई थोडी पसरते, त्यामुळे ‘ष’, ‘भ’, ‘थ’ यांच्या आतली पोकळी बुजते. रबरी शिक्क्याचे तसेच. व्हॉट्सअ‍ॅपवरचे चित्र नखाएवढे आणि गोल असते, तेथे लांबलचक नाव वाचताच येत नाही. त्या जागेसाठी नावातले एखादे अक्षर किंवा छोटी आकृती वेगळी काढून ठेवावी लागते.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. लोगोचा पहिला मसुदा झाला की तो मी एकाच काळ्या रंगात बिलाच्या कागदावर छापून पाहतो, मग सुपारीएवढ्या आकारात, आणि तेथे तो टिकला तरच रंगांकडे वळतो. एका मिठाईच्या दुकानासाठी हे न करता मी सरळ रंगीत आराखडा मंजूर करून घेतला होता; खोके सुंदर आले, पण कागदी पिशव्यांवर नावातला ‘श्री’ भरून गेला आणि छापलेल्या पिशव्या मालकाला तशाच वापराव्या लागल्या. त्यानंतर ही पायरी मी कधीच वगळलेली नाही.

रंगाविषयी थोडक्यात सांगतो. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, छापलेला रंग शाईचा असतो, पाटीच्या पत्र्यावरचा रंग लेपाचा असतो, आणि तिन्ही आपोआप जुळत नाहीत. म्हणून छटेचा क्रमांक लिहून ठेवावा आणि प्रत्येक नव्या कामाच्या वेळी जुना नमुना हातात धरून ताडून पाहावा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानाच्या फ्लेक्सवरचा लाल रंग उन्हाने लवकर विटतो, हे कोणत्याही बाजारपेठेत दिसते. पैसे लावायचे तर फ्लेक्स वारंवार बदलण्यापेक्षा अ‍ॅक्रिलिकची किंवा धातूची सुटी अक्षरे एकदाच करून घेणे शहाणपणाचे.

फाइल आणि हक्क कोणाचे

लोगोचे पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असे बहुतेक दुकानदार समजतात. कायदा तसे म्हणत नाही. लोगोचे चित्र ही कॉपीराइट अधिनियम, १९५७ खाली कलाकृती आहे आणि डिझायनर तुमचा पगारी नोकर नसेल तर सर्वसाधारणपणे तिचा पहिला मालक तोच असतो. हक्क तुमच्याकडे यायचे तर हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द त्या कागदावर असलेच पाहिजेत. उद्या तुमच्या सुनेने दुबईत शाखा काढली तर ते उपयोगी पडतील.

कागदाबरोबर फाइलही मागून घ्यावी. फोनवर आलेले चित्र म्हणजे फाइल नव्हे. ते मोठे केले की कडा फुटतात. रेघांच्या स्वरूपातली मूळ फाइल लागते, जी कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहते. आपल्याकडचे फ्लेक्सवाले आणि प्रेसवाले बहुधा कोरल ड्रॉवर काम करतात, तेव्हा त्या प्रकारातली एक प्रत आणि एक पीडीएफ एवढे घ्यावे. अक्षरे रेघांत रूपांतरित केलेली हवीत, ज्याला प्रेसमध्ये ‘कर्व्ह करणे’ म्हणतात. हे न केल्यास, विशेषतः युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फॉन्टमध्ये नाव टंकलेले असल्यास, दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की नावाच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात.

जुनी ओळख बदलताना

दुकान दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीकडे आले की सगळे नवे करण्याची उत्सुकता असते आणि ती मला समजते. तरीही येथे घाई करू नये. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये गॅप या अमेरिकन कपड्यांच्या दुकानसाखळीने आपला ओळखीचा निळा चौकोन टाकून नवा लोगो आणला. गिऱ्हाइकांनी इतकी नाराजी व्यक्त केली की साधारण आठवडाभरातच त्यांनी जुना लोगो परत आणला. याउलट टार्गेट ही दुसरी अमेरिकन साखळी पाहावी. १९६२ मध्ये तिच्या चिन्हात लाल-पांढरी अनेक वर्तुळे होती आणि त्यांच्यावर नाव लिहिलेले होते. १९६८ मध्ये त्यांनी वर्तुळे कमी करून मध्ये एक ठिपका आणि भोवती एकच कडे एवढे ठेवले. ओळखीचे होते ते राहिले, गर्दी तेवढी गेली. लोकांच्या आठवणीत जे आधीच आहे त्यातले काय राखायचे हे ठरवल्यावरच काय बदलायचे याला हात घालावा.

त्यासाठी एक साधे काम प्रत्येकाला करता येते. जुनी रंगवलेली पाटी उतरवण्याच्या आधी, ती जागेवर असतानाच, समोर उभे राहून सरळ रेषेत तिचा फोटो घ्यावा. मग शिडी लावून पाटीवर बटर पेपर ताणून चिकटवावा आणि मऊ पेन्सिलीने प्रत्येक अक्षराची कड गिरवून घ्यावी. वेलांटीचा फराटा कोठे जाड होतो, ‘ळ’चे दोन्ही डोळे सारखे आहेत की नाहीत, शिरोरेखा पेंटरने कोठे थोडी उचलली आहे, हे फोटोत दिसत नाही, गिरवताना हाताला कळते. रंगाचा एखादा पोपडा निघाला असेल तर तो छोट्या पाकिटात ठेवावा, म्हणजे खालच्या थरांतले जुने रंगही पाहता येतात. हा कागद गुंडाळून नव्या डिझायनरच्या हातात द्यावा आणि त्याला सांगावे की सुरुवात येथून कर.